पुढच्या चाकातला प्ले आणि गॅरेजने अडवून ठेवलेली गाडी

प्रश्न: माझ्याकडे जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह एटीव्ही (कच्च्या वाटेवर चालणारी, हँडलची उघडी चारचाकी) आहे, स्वतःच्या शेतात वापरतो. वळताना पुढून कट-कट आवाज यायचा आणि हँडल थरथरायचं. गॅरेजवाल्याने पुढचे दोन्ही एक्सल बदलले, मी सगळे पैसे दिले. आवाज गेला, थरथर तशीच राहिली. आठ दिवसांनी पाहिलं तर डाव्या चाकाच्या नटाला स्प्लिट पिनच (नट सुटू नये म्हणून घालतात ती) नव्हती. फोटो काढला आणि गाडी परत नेली. आता तो म्हणतो, बॉल जॉइंट आणि बेअरिंग गेलंय, त्याचे वेगळे पैसे द्या. नाहीतर चेकिंगचे आणि गाडी उभी ठेवल्याचे पैसे भरा, तोवर गाडी सोडणार नाही. बिलावर फक्त ‘फ्रंट एंड काम’ एवढंच लिहिलंय. एक्सलचे पैसे परत मिळतील का?

उत्तर: एक्सलचे पैसे परत मागू नका. वळताना कट-कट आवाज येणं ही बाहेरच्या सीव्ही जॉइंटची, म्हणजे एक्सलच्या चाकाकडच्या टोकाच्या सांध्याची, नेहमीची तक्रार आहे. त्यावरचं रबरी आवरण (बूट) फाटतं, ग्रीस उडून जातं, आत माती शिरते आणि जॉइंट वाजायला लागतो. एक्सल बदलल्यावर तुमचा आवाज थांबला, म्हणजे ते निदान बरोबर होतं. जे काम बरोबर झालं त्याचे पैसे परत मागितलेत तर तुमच्या खऱ्या तक्रारीचं वजनही कमी होईल.

खरी तक्रार थरथरीची आहे, आणि ती उभी राहते त्या एक्सलच्या कामावरच. पुढचा एक्सल बाहेर काढायचा तर चाक उतरवावं लागतं, हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) नट सोडावा लागतो आणि नकल, म्हणजे हब धरून वळणारा भाग, बाजूला सरकवावा लागतो. त्यासाठी बहुतेक गाड्यांत बॉल जॉइंट (नकलला जोडणारा गोल सांधा) किंवा ए-आर्म (तो सांधा गाडीला जोडणारा दांडा) सुटा करावा लागतो. म्हणजे ज्या भागांसाठी तो आज नव्याने पैसे मागतोय, ते त्या दिवशी त्याच्यासमोर उघडे होते. हँडल थरथरतंय ही तक्रार तुम्ही आधीच सांगितली होती. अशा वेळी बॉल जॉइंट हलवून न पाहणं हा निष्काळजीपणा झाला. पाहून सांगितलं नसेल, तर ते त्याहून वाईट. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतल्या त्रुटीची व्याख्या आहे. ग्राहकाचं नुकसान करणारा निष्काळजीपणा आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं, दोन्ही तिच्यात येतात.

म्हणून आधी शोधा, थरथरीची तक्रार तुम्ही कुठे लिहून दिली होती का? व्हॉट्सअॅपवर ‘हँडल हलतंय’ एवढा एक मेसेज असला तरी तो ‘फ्रंट एंड काम’ या तीन शब्दांच्या बिलापेक्षा मोलाचा आहे. तो फोन विकू नका, मेसेज पुसू नका.

आता खर्च कोणाचा, ते भागागणिक पाहू. बॉल जॉइंट जुना होऊन झिजला असेल तर नव्याची किंमत तुम्हीच द्यायची. झीज गॅरेजवाल्याने केलेली नाही. मात्र तीच बाजू दुसऱ्यांदा उघडण्याची मजुरी तुमच्यावर पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बेअरिंगचं प्रकरण वेगळं, आणि तिथे तुमचा फोटो कामाला येतो. हबच्या खाचांच्या नटला (कॅसल नट) स्प्लिट पिन नसेल तर नट हळूहळू सैल होतो, हब डुलायला लागतो आणि बेअरिंग लवकर खराब होतं. पुढे चाकच निसटू शकतं. पिन न घालता गाडी ताब्यात देणं हा जिवाशी खेळ आहे, त्याबद्दल मला जराही शंका नाही. तरी समोरचा म्हणेल, थरथर आधीपासूनच होती, बेअरिंग तेव्हाच गेलेलं होतं. त्याचं उत्तर गाडीतच आहे. उजव्या बाजूला पिन होती. दोन्ही बाजूंची बेअरिंग काढून शेजारी ठेवा. डावं खूप खराब आणि उजवं ठीक निघालं तर बोट त्या पिनकडे जातं. दोन्ही सारखीच झिजलेली असतील तर तो मुद्दा सोडून द्या.

हे सगळं नवे भाग बसवण्याआधी करायचं आहे. एकदा ते बसले की पुरावा संपला. गॅरेजला लेखी कळवा की तपासणी तुमच्या आणि तुम्ही आणलेल्या एका जाणकार मेकॅनिकच्या समोर व्हावी. पुढचा भाग जॅकवर उचलून चाक अधांतरी करा. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावीकडे-उजवीकडे धरून हलवा. वर-खाली प्ले (ढिलेपणा) असेल तर संशय बॉल जॉइंटवर किंवा बेअरिंगवर. फक्त आडवा प्ले असेल तर आधी टाय रॉड एंड (हँडलकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक) पाहावा. मग एकाने पुढचा ब्रेक दाबून ठेवायचा आणि दुसऱ्याने चाक पुन्हा वर-खाली हलवायचं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो बेअरिंगमध्ये आहे, राहिला तर बॉल जॉइंटमध्ये. सलग व्हिडिओ काढा, त्यात गाडीचा चासी नंबरही दिसू द्या. जिल्हा ग्राहक आयोगापुढे तक्रार मुख्यतः प्रतिज्ञापत्रं आणि कागदपत्रांवर चालते, त्यामुळे सोबतच्या मेकॅनिकने जे पाहिलं ते प्रतिज्ञापत्रावर दिलं तर फार उपयोग होईल. काढलेले जुने एक्सलही मागून घ्या. वेगळं काही ठरलं नसेल तर ते तुमचेच आहेत.

एक सावधगिरी. थरथर दाखवायला कोणी गाडी डांबरी रस्त्यावर पळवून व्हिडिओ काढला असेल तर तो पुढे करू नका, आणि नवा तर काढूच नका. तुमच्या एटीव्हीची नोंदणी नसेल, तर ती सार्वजनिक ठिकाणी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ विरुद्ध आहे.

आता गाडी अडवण्याबद्दल. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार ज्याने वस्तूवर श्रम आणि कौशल्य खर्च केलं, त्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. कायद्यातच जवाहिऱ्याचं उदाहरण दिलंय: हिऱ्याला पैलू पाडून झाले की मजुरी मिळेपर्यंत तो हिरा अडवू शकतो. पण हा हक्क केलेल्या कामापुरता आहे. एक्सलचे पैसे तुम्ही दिलेत, त्यामुळे तो हिशेब मिटला. बॉल जॉइंटचं काम झालेलंच नाही, मग त्यासाठी गाडी अडवता येत नाही. उभी ठेवल्याचं भाडं आधी ठरलेलं नसेल तर त्यासाठीही नाही. चेकिंगचे पैसे आधी सांगितले होते का, एवढाच वाद उरतो. ती रक्कम लहान असेल तर ‘हरकत राखून’ असं लिहून भरा, पावती घ्या आणि गाडी सोडवा. रात्री माणसं घेऊन गाडी उचलून आणायचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. तक्रारदाराचे तुम्ही आरोपी व्हाल.

पैसे घेऊनही त्याने गाडी दिली नाही, किंवा तपासणीला नकार दिला, तर पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. नोटिशीत फोटोची तारीख, पिन नसल्याची गोष्ट, आणि एक्सल काढताना बॉल जॉइंट समोर होता हा मुद्दा साध्या भाषेत लिहा. मुदत संपली की तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. गाडी अडकलेलीच असेल तर ती सोडवण्यासाठी कलम ३८(८) खाली अंतरिम (निकालाआधीच्या तात्पुरत्या) आदेशाचा अर्ज तक्रारीसोबतच द्या.

गाडी तुम्ही स्वतःच्या शेतात, स्वतःच्या पोटासाठी वापरता, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. ती भाड्याने फिरवत असाल तर वापर व्यापारी आहे, म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असा आक्षेप येईल. तसं काही असेल तर तक्रार लिहिण्याआधी मला कळवा.

आणि गाडी हातात आली तरी नट योग्य टॉर्कला (ठरलेल्या जोराने) आवळून पिन बसेपर्यंत तिच्यावर बसू नका. ट्रेलरवर घालून न्या.