१७७६ मध्ये वॉशिंग्टनने इंग्रजांना बोस्टन कसं सोडायला लावलं? फक्त तोफा आणल्या म्हणून?

टायकाँडेरोगाच्या किल्ल्याहून तोफा आल्या आणि इंग्रज निघून गेले, हे नेहमी वाचायला मिळतं, पण ते अर्धंच खरं आहे. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या अमेरिकन फौजेचा सेनापती वॉशिंग्टन, त्याच्याकडे तोफांपेक्षा तोफेच्या दारूचा तुटवडा मोठा होता. शहर झोडपून घेण्याइतकी दारू त्याच्यापाशी कधीच नव्हती. तोफा कुठे चढवल्या आणि एका रात्रीत कशा चढवल्या, तिथे खरी मेख आहे.

तेव्हाचं बोस्टन म्हणजे पाण्यात घुसलेलं भूशिर, जमिनीला एका चिंचोळ्या पट्टीने जोडलेलं. एप्रिल १७७५ पासून शहरातल्या इंग्रजांना अमेरिकनांचा वेढा होता, पण समुद्र इंग्रज आरमाराच्या ताब्यात. रसद तुटपुंजी का होईना, येत होती. उत्तरेकडच्या चार्ल्सटाउनच्या टेकड्या इंग्रजांनी जूनमध्ये बंकर हिलच्या लढाईत घेतल्या, त्यात त्यांची हजारावर माणसं मेली किंवा जखमी झाली. दक्षिणेकडच्या डॉर्चेस्टरच्या टेकड्या मात्र दोघांनीही मोकळ्याच सोडल्या होत्या. पुरंदरासाठी दिलेरखानाने १६६५ मध्ये आधी वज्रगड का घेतला, हे ज्याला कळतं त्याला डॉर्चेस्टरचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तिथून शहर तर माऱ्यात येतंच, शिवाय बंदरात नांगरलेली जहाजंही.

तोफा आणल्या हेन्री नॉक्सने. वय २५, धंदा पुस्तकविक्रीचा. एकूण ५९ नग, वजन साधारण ६० टन. आधी लेक जॉर्जमधून होड्यांनी, पुढे बैल आणि घोडे जुंपलेल्या घसरगाड्यांवरून. १६-१७ दिवसांत पोहोचतो असं त्याने १७ डिसेंबरला कळवलं, प्रत्यक्षात जानेवारीचा शेवटचा आठवडा उजाडला. अडचण थंडीची नव्हती, थंडी कमी पडल्याची होती. बर्फ नसला तर घसरगाडी चालत नाही आणि नदीवरचा थर पातळ असला तर तोफ खाली जाते. हडसन ओलांडताना तशी एक गेलीही, मग ओढून काढावी लागली. थर जाड व्हावा म्हणून नॉक्सने बर्फाला भोकं पाडून घेतली: खालचं पाणी वर येऊन पसरतं आणि गोठतं.

डॉर्चेस्टरला अडचण नेमकी उलटी. जमीन दीड फूट खोल गोठलेली, कुदळ लागेना. एका रात्रीत खंदक खणून मोर्चे बांधणं अशक्य. वॉशिंग्टनचा अधिकारी रूफस पुटनम याने तोडगा काढला: खणायचंच नाही, दमदमे सुटे करून वर न्यायचे. लाकडी चौकटी आधीच तयार केल्या, त्यांत ठासायला डहाळ्यांच्या मोळ्या बांधून ठेवल्या. दगडमातीने भरलेली पिंपं पुढे मांडली. दिसायला भक्कम आणि हल्ला आलाच तर उतारावरून सोडून द्यायला उपयोगी.

२, ३ आणि ४ मार्चच्या रात्री इतर मोर्च्यांवरून बोस्टनवर मारा केला, तो मुख्यतः आवाजासाठी आणि लक्ष वेधण्यासाठी. त्यात वॉशिंग्टनच्याच काही उखळी तोफा फुटल्या. ‘काँग्रेस’ नावाची १३ इंची पितळी तोफही त्यातच गेली. ४ तारखेला अंधार पडल्यावर ८०० जण पहाऱ्याला, १,२०० कामाला आणि सुमारे ३०० गाड्या जनरल टॉमसच्या हाताखाली टेकडीकडे निघाल्या. वाटेच्या उघड्या पट्टीवर गवताचे गठ्ठे रचले होते, गाड्या दिसू नयेत आणि खडखडाट पोहोचू नये म्हणून. पहाटे कामकऱ्यांची पाळी बदलली. उजाडलं तेव्हा वर दोन गढ्या उभ्या होत्या.

इंग्रजांनी तोफांचे मागचे पाय जमिनीत रोवून तोंडं वर केली, तरी गोळे तिथवर जाईनात. टेकडी घेतली नाही तर जहाजं बंदरात ठेवता येणार नाहीत, असं इंग्रज आरमाराच्या अॅडमिरल शुल्डमने सांगितलं. इंग्रज फौजेचा प्रमुख जनरल हाउ याने हल्ल्यासाठी फौज होड्यांत चढवलीही, पण रात्री वादळ झालं आणि बेत रद्द झाला. माझ्या मते वादळाने त्याची सुटका केली. बोस्टन सोडण्याची परवानगी लंडनहून नोव्हेंबरातच आली होती, जहाजं पुरेशी नव्हती म्हणून तो हिवाळाभर थांबला होता.

पुढे लेखी करार झाला नाही. आम्हाला निघताना छेडलं नाही तर शहर जाळणार नाही, एवढा निरोप नागरिकांमार्फत आला. वॉशिंग्टनने अधिकृत उत्तर दिलं नाही, पण सरसकट माराही केला नाही. दबाव मात्र ठेवला. ९ मार्चच्या रात्री त्याची माणसं शहराला आणखी जवळच्या नुक्स हिलवर गेली. तिथे कुणीतरी शेकोटी पेटवली, इंग्रज गोलंदाजांना आयताच नेम मिळाला, चार-पाच जण गेले आणि काम थांबलं. १६ तारखेच्या रात्री ते पुरं झालं. दुसऱ्याच दिवशी, १७ मार्चला, सुमारे ९,००० सैनिक आणि हजारावर राजनिष्ठ नागरिक जहाजांत बसले. काही दिवस बाहेर नांगरून ताफा हॅलिफॅक्सकडे गेला.

जाताना त्यांनी तोफांच्या बत्तीच्या भोकांत खिळे ठोकले आणि वाटेवर लोखंडी काटे पसरले. शहरात देवी पसरलेली, म्हणून वॉशिंग्टनने आत पहिले ५०० जण पाठवले ते देवी येऊन गेलेलेच निवडून.