लोंबोकचे घर, एक वर्षाची मुदत आणि मुलीचा पासपोर्ट

रत्नागिरी जिल्ह्यातील एका भगिनींचे पाच पानी पत्र आले आहे. त्या आणि त्यांचे इंडोनेशियन पती एकाच क्रूझ जहाजावर नोकरीला होते. 2015 मध्ये रत्नागिरीत निकाह व विवाहनोंदणी झाली. 2017 मध्ये इंडोनेशियातील लोंबोक बेटाच्या पूर्व भागातील पतीच्या गावात, जिथे मासेमारी आणि समुद्री शेवाळाची शेती यांवरच लोक जगतात, दोघांच्या पगारातून चार आर जमीन घेऊन घर बांधले. त्याशिवाय शेवाळ वाळवण्यासाठी किनाऱ्यालगतची एक पट्टीही घेतली. सात महिन्यांपूर्वी पतीचे निधन झाले. सासूबाई आणि दीर मायेने वागतात. दीर म्हणतात, जमीन माझ्या नावावर करा, ती खरी तुमचीच असल्याचा वेगळा कागद लिहून देतो, घाई नाही, गावात कोणी विचारत नाही. भगिनींना मात्र जमीन सात वर्षांच्या मुलीच्या नावावर करायची आहे, आणि वारसाहक्काने आपला वाटा किती, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

जहाजावर जुळलेल्या संसारांची अशी पत्रे मला अधूनमधून येतात आणि त्यांत वाट्याचा प्रश्न नेहमी पहिला असतो. तो मी बाजूला ठेवतो. संसारात मिळवलेल्या मालमत्तेतील अर्धा भाग आधी आपला आणि उरलेल्या अर्ध्याची वाटणी फराइजप्रमाणे, म्हणजे इस्लामी वारसाहक्काच्या नियमांप्रमाणे, हे आपल्याला माहीत असणारच. एकुलत्या मुलीपुढे दिराला काही मिळते की नाही यावर तिकडच्या न्यायालयांचा कल आपल्याकडच्या समजुतीहून वेगळा असू शकतो, म्हणून अपूर्णांक तेथील धार्मिक न्यायालयाकडूनच ठरवून घ्यावेत. आपल्या प्रकरणाचा निकाल अपूर्णांकांवर लागणार नाही.

तो लागणार आहे इंडोनेशियाच्या 1960 च्या मूलभूत भूमी कायद्यातील कलम 21 वर. जमिनीची पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, फक्त इंडोनेशियन नागरिकालाच धारण करता येते. परदेशी व्यक्तीला असा हक्क मृत्युपत्राशिवाय वारशाने किंवा विवाहामुळे मालमत्ता एकत्र होऊन मिळाला, तर उपकलम 3 प्रमाणे तो मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत तिने सोडला पाहिजे. न सोडल्यास हक्क कायद्यानेच संपुष्टात येतो आणि जमीन सरकारजमा होते. नोटीस आली नाही, कोणी विचारले नाही, हे बचाव तिथे चालत नाहीत. वर्ष नेमके कोणत्या दिवसापासून मोजायचे यावर वाद घालता येईल, पण तो वाद आपण घालू नये. मी ते मृत्यूच्या दिवसापासून मोजतो, म्हणजे आपल्या हातात पाच महिने आहेत.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटच्या पानावर, सहीच्या खाली आहे : ‘मुलीचा जन्म रत्नागिरीचा, पासपोर्ट भारतीय आहे.’ इंडोनेशियाच्या 2006 च्या नागरिकत्व कायद्यानुसार इंडोनेशियन पित्याची ही मुलगी इंडोनेशियन नागरिकही आहे आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर तीन वर्षांच्या आत तिला एक नागरिकत्व निवडायचे आहे. यावरून ‘मुलीच्या नावावर करा’ हा सल्ला आपल्याला गावातही मिळाला असेल आणि मुंबईतही. तो देणाऱ्यांनी भूमी कायद्यातील त्याच कलम 21 चे उपकलम 4 वाचलेले नसते. इंडोनेशियन नागरिकत्वाबरोबर जोवर दुसरे नागरिकत्व आहे, तोवर त्या व्यक्तीलाही हाक मिलिक धारण करता येत नाही आणि तिलाही तीच एक वर्षाची मुदत लागू होते, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. भारतीय नागरिकत्व सोडावे म्हटले तर आपल्या कायद्यात त्याग करणारी व्यक्ती सज्ञान असावी लागते. म्हणजे तो मार्ग अकरा वर्षांनी उघडेल. फक्त इंडोनेशियन कागद दाखवून नाव चढवून घेऊ, असे सुचवणारे भेटतील. त्यांच्या भरवशावर घर ठेवू नये.

आता जे लिहिणार आहे ते आपल्याला बोचेल. वारसाहक्काचे वर्ष सात महिन्यांपूर्वी सुरू झाले, पण त्या जमिनीतील आपल्या अर्ध्या हिश्शाचे वर्ष खरेदीच्या दिवशीच सुरू झाले होते. तेथील 1974 च्या विवाह कायद्याप्रमाणे संसारात मिळवलेली मालमत्ता सामाईक असते. मालमत्ता वेगवेगळी ठेवण्याचा करार पूर्वी लग्नाआधी किंवा लग्नाच्या वेळीच करावा लागे. ऑक्टोबर 2016 मध्ये, परदेशी पती असलेल्या एका इंडोनेशियन महिलेच्या अर्जावर, तेथील संविधान न्यायालयाने असा करार लग्नानंतरही करता येईल असा निर्णय दिला. आपण जमीन घेतली 2017 मध्ये. नोटरीच्या कार्यालयात एका दुपारी होणारे हे काम करायला त्यानंतरची सर्व वर्षे आपल्याला मोकळी होती. घराला रंग कोणता द्यायचा यावर दोन महिने चर्चा झाल्याचे आपणच लिहिले आहे, कराराची चर्चा मात्र एकदाही झाली नाही. आता करार करायला दुसरा पक्ष उरलेला नाही. प्रत्यक्षात अशा हिश्शांमागे सरकार स्वतःहून सहसा लागत नाही, आणि वर्षाच्या आत सर्व वारसांनी मिळून जमीन योग्य व्यक्तीकडे दिली तर ही जुनी चूक झाकली जाण्याची शक्यता बरीच आहे. याहून ठाम शब्द मी वापरणार नाही.

दिरांचा हेतू चांगला असेलही, पण त्यांनी सुचवलेला ‘वेगळा कागद’ करू नका. त्याच भूमी कायद्यातील कलम 26 च्या उपकलम 2 प्रमाणे परदेशी व्यक्तीकडे प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे हाक मिलिक जाईल असा कोणताही व्यवहार मुळातच रद्दबातल आहे, जमीन सरकारकडे जाते आणि दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत. आपल्याकडे ज्याला बेनामी म्हणतात तेच हे. मुलगी सज्ञान झाल्यावर जमीन परत देण्याचे वचनही लेखी घेऊ नये, कारण तोच कागद पुढे आपल्याविरुद्ध पुरावा ठरू शकतो. अकरा वर्षांनी ती केवळ इंडोनेशियन नागरिक राहिली आणि काकांनी तिला जमीन द्यायचे ठरवले, तर ती त्यांची मर्जी.

मला मार्ग दोन दिसतात. आपण मुलीसह लोंबोकला राहणार असाल आणि तेथील वास्तव्याचा परवाना आपल्याकडे असेल, तर जमीन सासूबाई किंवा दीर यांच्याकडे खरोखर हस्तांतरित करून त्यांच्या मालकीवर आपल्या नावे ‘हाक पाकाई’, म्हणजे वापरहक्क, नोंदवून घ्यावा. 2021 च्या शासकीय नियमावलीप्रमाणे खासगी मालकीच्या जमिनीवर तो तीस वर्षांपर्यंत देता येतो आणि मालकाच्या संमतीने त्याचे नूतनीकरण होते. तो अधिकृत भूमी दस्त अधिकाऱ्यासमोर करून भूमी कार्यालयात नोंदवलेला असावा. परदेशी व्यक्तीच्या घराबाबत किमान किमतीच्या अटीही आहेत, त्या आपल्या घराला कितपत लागू होतात हे तेथील नोटरीच सांगेल. आपण रत्नागिरीतच राहणार असाल, तर खऱ्या किमतीला विक्री करावी. पत्राचा सूर पाहता आपण तिकडे राहायला जाल असे मला वाटत नाही, तरी हा निर्णय आपला आहे.

विक्रीत अडेल ते मुलीच्या वाट्यापाशी. अल्पवयीन मुलीचा हिस्सा आई केवळ सही करून विकू शकत नाही, त्याला न्यायालयाची परवानगी लागते. वारसनिश्चितीचा आदेश वेगळा. न्यायालये मुदतीच्या तारखा बघून चालत नाहीत, तिकडेही नाहीत आणि इकडे तर नाहीतच. तेव्हा हे दोन्ही अर्ज पूर्व लोंबोकमधील सेलोंगच्या धार्मिक न्यायालयात याच महिन्यात दाखल व्हावेत आणि वाट्यांची चर्चा त्यानंतर करावी. रत्नागिरीचा विवाह तिकडे परतल्यावर वर्षभरात नोंदवायला हवा होता, तोही आपण नोंदवलेला दिसत नाही. त्यामुळे विवाह प्रमाणपत्र आणि मुलीचा जन्मदाखला यांवर आधी महाराष्ट्र शासनाचे प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का, घ्यावे. इंडोनेशिया 2022 पासून अपोस्टील मान्य करतो, त्यामुळे दूतावासाची एक फेरी वाचते. भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराचेच हवे.

किनाऱ्यालगतच्या पट्टीबद्दल फार आशा धरू नये. घराचे प्रमाणपत्र हिरव्या वेष्टनाची, गरुडचिन्हाची पुस्तिका आहे आणि त्यात केवळ पतीचे नाव आहे. पट्टीच्या कागदाचे छायाचित्र मी भिंगातून पाहिले : गावप्रमुखाची सही, दोन अंगठे, सहा हजार रुपियांचे तिकीट आणि सीमेऐवजी ‘तिसऱ्या नारळापर्यंत’ असे वर्णन. हा नोंदणीकृत हक्क नव्हे. जुन्या परंपरागत जमिनींचे लेखी पुरावे नोंदवण्यासाठी 2021 च्या नियमावलीने पाच वर्षे दिली होती, ती फेब्रुवारी 2026 पर्यंतची. त्यानंतर असा कागद मालकीचा पुरावा राहत नाही, नोंदणीत फार तर दिशादर्शक म्हणून उपयोगी पडतो. शिवाय भरतीच्या सर्वोच्च रेषेपासून शंभर मीटरचा पट्टा किनारासंरक्षणाचा असतो. सीआरझेडमुळे, म्हणजे आपल्याकडच्या किनारपट्टी नियमनामुळे, कोकणात लोकांनी जे भोगले ते आपण जाणता. ही पट्टी सासूबाईंच्या वहिवाटीत राहू द्यावी आणि तिच्यावर वकिलाची फी खर्च करू नये.

विक्रीवर साधारणपणे अडीच टक्के आयकर विक्रेत्याकडे येतो आणि हस्तांतरणाचा कर खरेदीदाराकडे. भारतातील विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवली होती की नाही, याबद्दल पत्रात काहीच नाही, आणि या मौनाची मला काळजी वाटते. या आठवड्यात सनदी लेखापालांना भेटावे.

पुढच्या पत्रात घराचे वर्णन नको. मृत्यूच्या दाखल्यावरील तारीख, हिरव्या पुस्तिकेचे प्रत्येक पान आणि आपल्या वास्तव्य परवान्याची प्रत, एवढेच पाठवावे.