परभणीच्या काकांना सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार) आहे. सलाईनमधून केमो न देता नुसत्या इमॅटिनिबच्या गोळीवर रक्ताचा कॅन्सर आटोक्यात राहतो का?
हो, सीएमएल बहुतेकांमध्ये रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो; पॅथॉलॉजी लॅबमध्ये असे रिपोर्ट मी नेहमी बघतो. या आजारात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल नावाचं प्रोटीन तयार होतं. ते पेशीला ‘वाढत राहा’ असा निरोप देतच राहतं, स्टार्टर अडकून विहिरीवरची मोटार चालूच राहावी तसं. इमॅटिनिब त्याच्या एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) बसण्याच्या खाचेत जाऊन बसतं, निरोप थांबतो. अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळालेली ही गोळी आपल्याकडे जेनेरिकमध्येही मिळते. मात्र बरं वाटतंय म्हणून काकांना ती मनाने अजिबात सोडू देऊ नका. काहींमध्ये प्रोटीनची ती खाचच बदलते आणि गोळी लागू पडत नाही, म्हणून साधारण दर ३ महिन्यांनी रक्तातलं बीसीआर-एबीएलचं प्रमाण मोजणारी पीसीआर तपासणी करून घ्या.