दशांश दिला, पण भावाचे पैसे राहिले

प्रश्न : वडिलांची जमीन विकली तेव्हा धाकट्या भावाचे ४०,००० रुपये मी गुपचूप ठेवून घेतले. दशांश (मिळकतीचा दहावा भाग) देतो, उपासना चुकवत नाही. पण प्रार्थनेला बसलो की हेच आठवते. मंडळीला (चर्चला) मोठे दान दिले तर चालेल का?
– एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : नाही. बायबलमधल्या शौल राजाला देवाने अमालेकी शत्रूंचे सर्व काही नष्ट करायला सांगितले होते, पण त्यानेही त्यांची उत्तम मेंढरे ‘यज्ञासाठी’ म्हणून राखली होती. शमुवेल संदेष्ट्याने ते सरळ आज्ञाभंगात जमा केले (१ शमुवेल १५). मत्तय ५:२३-२४ मधला क्रमही स्पष्ट आहे : अर्पण वेदीपुढे ठेवा, आधी भावाशी समेट करा, मग येऊन अर्पण करा.

रक्कम किती? लेवीय ६ मध्ये मुद्दल अधिक पाचवा हिस्सा सांगितला आहे, म्हणजे तुमचे ४८,०००. जकातदार जक्कयाने फसवून घेतलेल्याच्या चौपट देऊ केले, पण तो त्याच्या मनाचा उमाळा. त्याचा नियम करू नका.

आधी घरी बायकोला सांगा, नाहीतर नवे भांडण उभे राहील. मग भावाकडे एकटे जा. “हे पैसे तुझे होते, मी लपवले,” एवढेच बोला. “पण तूही त्या वेळी...” असे सुरू झाले की माफी तिथेच संपते! एकरकमी जमत नसेल तर पहिला हप्ता सोबत न्या, बाकीच्या तारखा लिहून द्या. पैसे फिटेपर्यंत मंडळीत साक्ष द्यायला (देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगायला) उभे राहू नका.

भाऊ रागावला, बोललाच नाही, तरी हप्ते थांबवायचे नाहीत. ‘सर्वांशी शांतीने राहा’ म्हणणारे रोम १२:१८ तुमच्याकडून होईल तितकेच मागते. पाळकसाहेबांना मध्ये घ्यायचे ते त्यानंतर, भावाची तयारी असेल तर.