बाळ रांगायला लागलं आणि थोरली बिथरली

“मॅडम, बाळ झालं तेव्हा ही किती शहाण्यासारखी वागली! बारशाला स्वतःच्या हातानं पेढे वाटले. आणि आता आठ-नऊ महिन्यांनी हिच्या अंगात काय संचारलंय?”

या पावसाळ्यात हा प्रश्न माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत चौथ्यांदा आला. घरं वेगळी, कुठे थोरली तर कुठे थोरला, पण वेळ तीच: धाकटं रांगायला लागल्याची. त्यातल्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई, बाबा, आजी, साडेपाच वर्षांची थोरली आणि नऊ महिन्यांचा धाकटा. भांडुपला वन बीएचके. धाकटा म्हणजे नुसता भोवरा, जमिनीवर टेकवला की सुसाट. थोरलीनं त्याला दोनदा ढकललं, एकदा हाताला चावली, तेव्हा मंडळी माझ्याकडे आली.

पहिल्या भेटीत मी नेहमीचा सल्ला दिला: रोज पंधरा मिनिटं फक्त थोरलीसाठी ठेवा. पुढच्या खेपेला आई आली ती वैतागूनच. “कधी ठेवू? घरी पोचायला साडेसात होतात. आम्ही दोघी दार लावून बसलो की हा बाहेरून दार बडवतो. आजींनी उचललं तर रडून बिल्डिंग डोक्यावर घेतो.” खरं होतं. सल्ला चुकीचा नव्हता, त्या घरात मावणारा नव्हता.

मग सगळ्यांनाच बोलावलं. गादी पसरली, ठोकळे ठेवले आणि मी गप्प बसले. (आमच्या कामात हेच सगळ्यात अवघड. बावीस वर्षांनी आता कुठे जमतंय.) वीस मिनिटांत आईनं धाकट्याला अकरा वेळा उचलून मागे आणलं. आणि “जरा सरक”, “दे ना त्याला, लहान आहे”, “लक्ष ठेव हं, तू ताई ना?” हे थोरलीनं नऊ वेळा ऐकलं.

लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो, ‘जरा सरकून घ्या’ म्हणतो. आपण सरकतो, कारण अर्ध्या तासात उतरायचं असतं. या पोरीला दीड महिना रोज कुणी ना कुणी सरकवत होतं आणि तिचं स्टेशन काही येत नव्हतं.

मी तिला विचारलं, “बाळ नुसतं झोपून असायचं तेव्हा कसं वाटायचं गं?”

“तेव्हा तो त्याच्या जागेवर असायचा.”

“आणि आता?”

“आता सगळीच जागा त्याची आहे.”

आईचा ठोकळा हातातच राहिला.

मी अ‍ॅडलरच्या वाटेनं जाणारी. व्हिएन्नाच्या मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलरनं (१८७०–१९३७) पहिल्या मुलाची तुलना सिंहासनावरून उतरवलेल्या राजाशी केली. तो स्वतः दुसरा मुलगा होता, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. त्याच्या म्हणण्याला माझ्या अनुभवाची एक पुस्ती जोडते: सिंहासन बाळ जन्मतं त्या दिवशी जात नाही. पाळण्यातलं बाळ पाहुणं असतं. ते रांगत येऊन चित्रांच्या वहीचं पान टरकावतं, त्या दिवशी जातं.

तेवढ्यात धाकटा निसटलाच. थोरलीचा मनोरा धाडकन खाली. तिचा हात उगारलेला. आईला मी खुणेनंच थांबवलं आणि थोरलीला म्हटलं, “ऐक ना, त्याला पाडण्याशिवाय काही येतच नाही. बांधता फक्त तुला येतं. तू बांधलं नाहीस तर बिचारा पाडणार काय?”

ती विचारात पडली. मग चार ठोकळे रचले. त्यानं पाडले आणि खदखदून हसला. पुन्हा रचले. या वेळी तिनं हात आडवा धरला, “एक… दोन… साडेमाडे…” तो चक्क थबकला, तिच्या तोंडाकडे बघत. “तीन!” सातव्या खेपेला दोघंही गादीवर लोळत होती. आजी किंचित रुसव्यानं म्हणाल्या, “माझ्याशी कधी असा हसला नाही हो.”

या वयाचं मूल पाडतं, फेकतं, पुन्हा तेच करतं, तो खोडसाळपणा नव्हे, प्रयोग असतो: मी असं केलं की काय होतं? झाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, हेही याच सुमारास उमगू लागतं. म्हणून ओढणीआडून ‘भॉक’, म्हणून वाटीखाली लपवलेला चेंडू. विसाव्या ‘भॉक’ला आपला हात फोनकडे जातो. पाच वर्षांच्या मुलाला मात्र तेव्हा कुठे रंग चढतो.

घरासाठी तह असा ठरला: जमीन धाकट्याची, जेवणाचं टेबल थोरलीचं. तिथल्या वस्तूंना आईनंही विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मणी, बारीक ठोकळे वरच. बटणासारख्या सेलवर चालणारी खेळणी घराबाहेर. साडेसातला आल्यावर हातपाय धुऊन चहाआधी दहा मिनिटं तिघांनी रांगायचं: खुर्च्यांवर चादर टाकून बोगदा, उशांचा डोंगर, स्टीलचे डबे आणि उलथणं. खेळ थोरली निवडणार. धाकट्यानं मान फिरवली, डोळे चोळले की खेळ बंद. ही खूण सगळ्यात आधी तीच शिकली.

आणि ‘लक्ष ठेव’ म्हणणं बंद. साडेपाच वर्षांचं मूल खेळगडी होऊ शकतं, राखणदार नाही; दोघांना एकटं सोडायचं नाही. आपल्याकडे सकाळी पाणी भरून ठेवतात, त्या बादल्यांबद्दल मी फार कडक बोलते. रांगतं बाळ वीतभर पाण्यातही बुडू शकतं, तेही आवाज न होता. बाथरूमला बाहेरून कडी, दर वेळी. मामानं आणलेला वॉकरही मी बंद करायला लावला. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे म्हटल्यावर बाबांना पटलं. आजींना अजून नाही.

चावणं थांबलं. ढकलाढकली अधूनमधून होते, होणारच. शेवटच्या भेटीत थोरली मात्र चिंतेत होती. धाकटा आता धरून उभा राहतो, हात टेबलापर्यंत पोचतो.

“मावशी, आता मी कपाटाचा वरचा कप्पा मागू का?”

“मला काय विचारतेस? आईला विचार.”

आईनं पर्स उघडली आणि कपाटाची किल्ली तिच्या हातावर ठेवली.