टॉगल बटण दाबलंय की नाही ते एका नजरेत कळू दे

अरे, क्यूटीत (खिडक्या-बटणं असलेले प्रोग्राम बनवायची लायब्ररी) टॉगल बटण, म्हणजे एकदा दाबलं की पुन्हा दाबेपर्यंत दाबलेलंच राहणारं बटण, ओळखू यावं म्हणून टॉगल्ड सिग्नलला (अवस्था बदलली की बटण देतं ती सूचना) फंक्शन जोडून त्यात रंग बदलत बसू नकोस, दहा बटणं झाली की तेच कोड सांभाळणं जड जातं. क्यूपुशबटनला (क्यूटीचं नेहमीचं बटण) आधी सेटचेकेबल ट्रू कर, म्हणजे ते दाबलेलं राहू शकेल, आणि स्टाईलशीटमध्ये (रंगरूपाचे नियम लिहितात तिथे) 'चेक्ड', म्हणजे दाबलेल्या, अवस्थेचा वेगळा नियम लिही, बास. नुसता बॅकग्राउंड दिलास आणि रंग दिसलाच नाही तर बॉर्डरपण दे, कारण नेटिव्ह, म्हणजे बटणाची मूळची, बॉर्डर त्या रंगावर चढून बसते. बॉर्डर दोन्ही अवस्थांत 2 पिक्सेलच ठेव, फक्त तिचा रंग बदल, नाहीतर क्लिक केल्यावर आतला मजकूर हलतो आणि ते फार खटकतं.

खरी गोची होव्हरची, म्हणजे माउस बटणावर असतानाच्या अवस्थेची, आहे बघ. चेक्ड आणि होव्हर या दोन्ही नियमांचं वजन (प्राधान्य) सारखं, म्हणून जो खाली लिहिलाय तोच लागतो, आणि होव्हर खाली असेल तर माउस नेला की दाबलेलं बटणही न दाबलेलं वाटतं, त्यामुळे दोन्ही जोडून तिसरा नियम लिहीच.

आणि प्लीज, फक्त लाल-हिरव्यावर भागवू नकोस, रंगांधळ्या माणसाला दोन्ही सारखेच दिसू शकतात. आयकॉन बदल, किंवा फिकट-गडद फरक ठसठशीत ठेव.