एक्सआरडीपीवरून (लिनक्सच्या रिमोट डेस्कटॉपवरून) सिनॅप्टिक, म्हणजे सॉफ्टवेअर बसवायचा प्रोग्राम, क्लिक केलं की काहीच उघडत नाही, पासवर्डही विचारत नाही. काय करावं?

बहुतेक वेळा पोलकिटचा (कोणाला कशाची परवानगी हे ठरवणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेचा) एजंट, म्हणजे पासवर्डची खिडकी दाखवणारा छोटा प्रोग्राम, रिमोट सेशनमध्ये सुरूच झालेला नसतो. खात्री करायला टर्मिनलमध्ये 'सिनॅप्टिक-पीकेएक्सेक' चालवा. पासवर्ड टर्मिनलमध्येच मागितला तर एजंट गायब आहे, हे नक्की. एक्सएफसीई डेस्कटॉपवर एलएक्सपोलकिट हा एजंट बसवा, 'सेशन अँड स्टार्टअप'च्या ऑटोस्टार्टमध्ये टाका, आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. नुसती रिमोट डेस्कटॉपची खिडकी बंद केली तर जुनंच सेशन परत मिळतं. इथेच पुष्कळजण फसतात.

एजंट असूनही नकार येत असेल, किंवा लॉगिन होताच 'कलर मॅनेज्ड डिव्हाइस'साठी पासवर्ड मागत असेल, तर कारण वेगळं. एक्सआरडीपीच्या सेशनला 'सीट' (प्रत्यक्ष जोडलेला स्क्रीन-कीबोर्ड) नसते, म्हणून पोलकिट त्याला स्थानिक धरत नाही आणि मशीनसमोर बसलेल्यासाठीच्या 'अलाऊ-ॲक्टिव्ह'ऐवजी 'अलाऊ-एनी'चा कडक नियम लावतो. जी ॲक्शन अडते त्या एकाच ॲक्शनसाठी, फक्त सुडो गटाला (ॲडमिन हक्क असलेल्या युजरना) परवानगी देणारा नियम पोलकिटच्या 'रूल्स.डी' फोल्डरमध्ये लिहा. सगळ्यालाच 'येस' देणारा नियम नेटवर फिरतो, तो टाकू नका. तुमच्या खात्यात शिरलेला कोणीही मग थेट रूट, म्हणजे सर्व हक्क असलेला युजर, होतो.

सिनॅप्टिक सुडोने चालवल्यावर 'कॅनॉट ओपन डिस्प्ले' आलं तर आधी आपल्याच युजरने 'एक्सहोस्ट +एसआय:लोकलयूजर:रूट' द्या. 'एक्सहोस्ट +' एवढंच नको, त्याने डिस्प्ले सगळ्यांना मोकळा होतो. जीकेसुडो (पासवर्ड खिडकीत मागणारा जुना सुडो) शोधत बसू नका, उबुंटू १८.०४ पासून ते काढून टाकलंय.